गुरूपेक्षा चेलाच जास्त आवडला, तर?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. मी मोर्शी तालुक्यातला संत्र्याचा शेतकरी. आमच्याकडं मोटारीची लाइन रातचीच राहते. पाणी या दांडातून त्या दांडात फिरवत जागंच राहा लागते, म्हणून मी त्या वेळात वाचतो. गावच्या वाचनालयातून या खेपेस महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी आणि त्यायचे शिष्य नागदेवाचार्य यायच्यावरची कादंबरी आणली. असं मन लागलं, की एका राती पाणी शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत गेलं तरी मले पत्ता नाही. आता दोन गोष्टी विचारतो. नागदेव खराच असा होता का? थोडा आडदांड, रुसणारा, स्वामीला घडीभर न सोडणारा? का लेखकानं रचला? आणि दुसरं, मले स्वामीपरीस नागदेवच जास्त आवडला. आई म्हणते असं बोलू नाही, पाप लागते. आम्ही पंथातले नाही, पण रिद्धपूर आमच्या पायाखालचं गाव. तुमचं काय म्हणणं?

उत्तर : भाऊ, शेजाऱ्याच्या पऱ्हाटीला फुकट पाणी मिळालं, ते पुण्य आईच्या पापातून वजा करा. हिशेब फिटला.

कादंबरीचं नाव मी इथं गाळलं आहे, कारण तुमचा प्रश्न त्या एका पुस्तकापुरता नाही. गुरू-शिष्यावरची कुठलीही ऐतिहासिक कादंबरी घ्या, वाचणारा शेवटी शिष्याच्याच बाजूनं जातो. गुरू पहिल्या पानावरच पोचलेला असतो. त्याला शिकायचं काही उरलेलं नसतं. चुकतो, रुसतो, भलतंच विचारतो तो शिष्य. कादंबरीला माणूस बदलताना दाखवायचा असतो, आणि पोचलेला माणूस बदलणार कसा? तेव्हा तुम्हाला नागदेव आवडला यात स्वामींचा उणेपणा नाही, लेखकाला आपलं काम कळलं एवढाच त्याचा अर्थ.

आता नागदेव खरा किती. बराच खरा. स्वामींच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. त्यात भेटणारे भटोबास, म्हणजेच नागदेवाचार्य, शहाणेसुरते पंडित नाहीत. स्वामी त्यांना 'वानरेश' म्हणतात. त्यात माया आहे आणि चेष्टाही. त्यांना बोलणी बसतात, ती लिहून ठेवली आहेत. एक लक्षात घ्या, हे लिहिलं गेलं तेव्हा नागदेव पंथाचे प्रमुख होते. प्रमुखाच्या देखत त्यानं खाल्लेली बोलणी नोंदवायची आणि त्यानं ती पुसायला लावायची नाहीत, हे आपल्याकडं फारसं घडत नाही. आपल्या गावच्या सोसायटीच्या अध्यक्षाचं चरित्र लिहायला बसा, म्हणजे कळेल.

नोंदवणारे म्हाइंभट. ते स्वतः मोठे विद्वान, स्वामींशी वाद घालायला म्हणून आलेले आणि मग तिथलेच झालेले. स्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेनं, निघून गेल्यावर रिद्धपूरला त्यांनी आठवणी जमवायला घेतल्या. नागदेवांनी स्वतःला ठाऊक होतं ते सांगितलं, आणि जिथं आपण हजर नव्हतो तिथं कोण होतं त्यांच्याकडं पाठवलं. म्हाइंभट माणसामाणसाला गाठून विचारत फिरले, आणि जमलेलं परत नागदेवांसमोर वाचून पारखून घेतलं. हे साधारण १२७८ च्या सुमाराचं, म्हणजे ज्ञानेश्वरीच्या १२९० या सालाच्याही आधीचं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तुमच्या संत्र्याच्या पट्ट्यात, 'कोण होतं, काय म्हणालं, काय खाल्लं' असं विचारून विचारून तयार झाला. पुढं खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली आणि नागदेवांच्या शिष्या हिराइसा यांनी पाठांतरावरून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. म्हणजे शिष्यानं सांगितलं, दुसऱ्या शिष्यानं लिहिलं, आणि शिष्याच्या शिष्येनं वाचवलं. गुरूंनी स्वतः एक ओळ लिहिलेली नाही. तुमच्या आईंना एवढं वाचून दाखवा. नागदेव आवडणं पाप असेल तर स्वामींची ओळख आपल्यापर्यंत आली ती सगळी त्याच वाटेनं.

मग लेखकानं काय रचलं? रात्रीचे एकांतातले संवाद रचलेले आहेत. नागदेवांच्या मनातलं रचलेलं आहे. तेराव्या शतकात कुणी कुणाचं मन लिहून ठेवत नव्हतं. ऋतू, पाऊस, झाडं, वाटेवरची माणसं यांतलं पुष्कळ रचलेलं असणार, आणि ते रचलेलं असलेलंच बरं. ते चांगलं जमलं आहे का एवढंच पाहावं. तुम्ही शेतकरी आहात, तुम्हाला ते माझ्याहून लवकर कळेल. श्रावणात हरभरा डोलवला असेल तर पुस्तक मिटा.

आईंना आणखी एक प्रसंग सांगा. स्वामीसुद्धा आधी शिष्यच होते, आणि ते तुमच्या गावाजवळच. परंपरेप्रमाणं ते मूळचे गुजरातेतल्या भडोचचे, राजघराण्याशी नातं असलेल्या प्रधानाच्या घरातले, हरिपाळदेव. जुगाराचा नाद. रामटेकच्या यात्रेला जातो म्हणून निघाले आणि वाटेत रिद्धपूरला थांबले. तिथं गोविंदप्रभू भेटले, ज्यांना गाव गुंडम राऊळ म्हणून ओळखत होतं. भेट कुठं, तर रांधवणहाटीत, म्हणजे शिजवलेलं अन्न विकणाऱ्यांच्या बाजारात. आणि दीक्षा कशी? कानात मंत्र नाही, होम नाही. दुकानावरचे शेंगोळे खाता खाता राऊळांनी प्रसाद दिला, तो यांनी घेतला, झालं. एवढ्यावर एका माणसाचं आयुष्य फिरलं. रामटेक राहून गेलं असेल, नसेल. त्यानंतर त्याची कोण चौकशी करतो? हा प्रसंग तुमच्या कादंबरीत दोन ओळींत उरकला आहे. मला विचाराल तर सगळ्या पुस्तकाचं बी तिथं होतं आणि लेखक घाईनं पुढं गेला. बाजारातला धूर, तेल, गर्दी, यात्रेकरूच्या पायावरची धूळ, आणि समोर वेड्यासारखा वागणारा माणूस. 'राऊळ वेडे, राऊळ पिसे' असंही गाव म्हणत होतं आणि 'राऊळ माय, राऊळ बाप' असंही. हे दोन्ही एकाच तोंडानं म्हणणारं गाव मला पाहायचं होतं.

कादंबरी संपल्यावर करमत नाही, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलं आहे. मग शेवटची पाच-सहा प्रकरणं परत वाचा, पण या नजरेनं. स्वामी निघून जातात, आणि नागदेवांना सांगून गेलेले असतात, की रिद्धपूरला जा, श्रीप्रभूंची, म्हणजे गोविंदप्रभूंची, सेवा करा. आता पाहा काय झालं. ज्याला बोलणारा गुरू मिळाला होता, दृष्टान्त देऊन समजावणारा, प्रश्नाला प्रश्न करणारा, त्याला आता असा गुरू मिळाला जो काहीच शिकवत नाही. हसतो, रागावतो, कुणाच्याही घरात शिरतो, मांगवाड्यात जातो, महारवाड्यात जातो, पोरांत खेळतो, धिरडं पाहिजे म्हणून लहान मुलासारखा हट्ट धरून बसतो. इथं नागदेवांचं शिक्षण खरं सुरू होतं. वही-पाटी असलेल्या गुरूजवळ कोणीही शिकेल. आधी वाचलंत तेव्हा हा भाग तुम्हाला दुःखाचा वाटला असेल. माझ्या मते तो तसा नाही. त्यात स्वामींच्या शिष्या महादाइसा धिरड्यांचा तवा चढवतात ते पान पाहा, हसू येईल.

एकदा दिवसा लाइन असेल तेव्हा रिद्धपूरला राजमठात जाऊन या. ओटे दिसतील, जिथं जिथं काही घडलं तिथं तिथं बांधलेले. यात्रेकरू त्यांवर डोकं टेकतात. तुम्ही पंथातले नाही, नका टेकू. पण एका ओट्यापासून दुसऱ्यापर्यंत चालून पाहा. गाव केवढं होतं, बाजार कुठं, वस्ती कुठं, राऊळ दिवसभरात किती हिंडत असतील, हे पायांना कळतं. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथंच सुरू झालं आहे, ते उगीच नाही.

प्रश्न : दंडवत प्रणाम, मॅडम. मी दारव्हा तालुक्यातली, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमचं घर पंथाचं. माझ्या हातात ही कादंबरी पाहून आजोबा म्हणाले, "घरात पोथी असताना हे कशाला?" मला पोथीतलं निम्मं कळत नाही आणि कादंबरी कळते, पण आजोबांचं मन मोडवत नाही. कुठून सुरुवात करू?

उत्तर : दंडवत प्रणाम. तुझ्या आजोबांना एक गोष्ट ठाऊक असणारच, तरी त्यांना तीच विचार, म्हणजे ते रंगात येतील. नागदेवांचे शिष्य केशिराजबास मोठे पंडित. त्यांना स्वामींचं सगळं निरूपण संस्कृतात बांधायचं होतं. नागदेवांनी अडवलं. तसं केलं तर माझ्या स्वामींचा साधा परिवार नागवला जाईल, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा 'मला कळत नाही' म्हणणाऱ्या पोरीची बाजू सातशे वर्षांपूर्वी खुद्द आचार्यांनी घेतलेली आहे. आजोबांना हे ऐकवून मग हळूच विचार, "आबाजी, मग मला कळेल असं तुम्हीच वाचून दाखवा नं!"

थट्टा सोड. सुरुवात लीळाचरित्रापासून करू नकोस. गोविंदप्रभूंच्या चरित्रापासून कर. तेही म्हाइंभटांचंच. लीळा आखूड आहेत, वाक्यं त्याहून आखूड, आणि सगळं रिद्धपुरातल्या घराअंगणातलं. मोठ्यानं वाच. डोळ्यांनी वाचलंस तर अडशील, तोंडानं वाचलंस तर आजीच्या बोलण्यासारखं निम्मं आपोआप उलगडेल. अडलेल्या शब्दासाठी थांबू नकोस, लीळा पुरी कर, मग मागं ये. त्यानंतर दृष्टान्तपाठ घे. हत्ती चाचपणाऱ्या जन्मांधांची गोष्ट तुला शाळेपासून ठाऊक आहे, ती तिथं आहे. ओळखीचं माणूस भेटलं की परक्या गावात बरं वाटतं. लीळाचरित्र सगळ्यात शेवटी, आणि त्यातही आधी एकांक, जिथं स्वामी एकटे हिंडतात. कॉलेजच्या ग्रंथालयात वि. भि. कोलते यांचं श्रीचक्रधर चरित्र असेल तर सोबत ठेव. कोलते आपल्याच भागातले, मलकापूरजवळच्या नरवेलचे, आणि त्यांनी पोथ्यांत आयुष्य घातलं. कोण कुणाचा कोण हे कळेनासं झालं की त्यात पाहायचं.

आजोबांच्या बोलण्यात तथ्य नाही असं समजू नकोस. या पोथ्या पंथानं शतकानुशतकं सांकेतिक लिपीत सांभाळल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी. बाहेरच्याला अक्षर कळू नये अशी तजवीज. पुढं वि. का. राजवाड्यांनी ती लिपी उकलली आणि बाहेरच्या जगाला या साहित्याचा पत्ता लागला, नागपूरच्या ह. ना. नेने यांनी लीळाचरित्र छापलं ते विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात. ज्या घरात ते त्याआधीपासून वाचलं जात होतं, त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला दुकानात मिळणाऱ्या कादंबरीबद्दल थोडी अढी असणारच. ती अढी कादंबरी लपवून जाणार नाही. त्यांच्यासमोर वाच. एखादं प्रकरण त्यांना ऐकव आणि चुका काढायला सांग. चुका काढायला सांगितलेला म्हातारा कधी नाही म्हणत नाही, आणि सांगता सांगता तो जे बोलेल ते कुठल्या कादंबरीत नाही.

माझी एक तक्रार मात्र आहे आणि ती तुलाच सांगते, कारण तू मुलगी आहेस. या विषयावर लिहिणारा उठतो तो नागदेवांना शिष्य करतो आणि महादाइसेला स्वयंपाकाला बसवतो. वर मी स्वतः धिरड्याचा उल्लेख केला, तेवढं मलाही चुकत नाही! पण लीळाचरित्र उघड आणि पाहा, विचारतं कोण? एक उत्तर मिळालं की त्यावर दुसरा प्रश्न कुणाचा? म्हातारी जिज्ञासक आहे, चर्चक आहे, सारखं काही ना काही विचारतच असते, असं स्वामी तिच्याबद्दल म्हणतात. मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री ती. गोविंदप्रभूंच्या लग्नाचा खेळ मांडला गेला तेव्हा ऐन वेळी तिनं धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, रचून म्हटले, रुक्मिणीच्या स्वयंवराचे. ती रुक्मिणी पुन्हा आपल्याच वऱ्हाडातल्या कौंडण्यपूरची. रिद्धपुरात लग्नाचा खेळ, गाणं वर्धेकाठच्या नवरीचं, आणि गाणारी विधवा बाई, जिला तेव्हाच्या रीतीनं मांडवाच्या कडेला उभं राहायचं. एवढा प्रसंग आयता पडलेला असताना कादंबरीकार पंडितांच्या वादसभेत पन्नास पानं घालवतात! तुझ्या हातातल्या कादंबरीत महादाइसा किती पानांवर बोलते ते बघ आणि मला कळव. तुझ्या बी.ए.च्या प्रकल्पाला विषय हवा असेल तर हा घे, मार्गदर्शकांना पटवायचं काम माझं.

प्रश्न : महोदया, मी वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी इतिहास शिकवतो. कादंबरी वाचलेली मुलं उत्तरपत्रिकेत कादंबरीतले संवाद लिहू लागली आहेत. आनंदासाठी वाचणं ठीक, पण अशानं इतिहासाचा खेळ होतो. मुलांना अशी पुस्तकं देणं बंद करावं काय?

उत्तर : बंद करू नका सर. यादवकाळावर मुलं आपणहून काही लिहीत आहेत, हे आमच्या शाळेत घडलं असतं तर मी पेढे वाटले असते.

गुण कापा, पण कापताना कारण लिहा : 'हे कुणी ऐकलं?' एवढाच शेरा. मुलाला उत्तर शोधावं लागेल. या प्रश्नासाठी गुरू-शिष्याच्या कादंबऱ्या सगळ्यात सोयीच्या, कारण शिकवणी बंद खोलीत होते आणि खोलीतलं बाहेर कुणी आणलं हे विचारता येतं. वर्गात दोन जोड्या शेजारी मांडा. ॲरिस्टॉटल आणि अलेक्झांडर. इसवी सनपूर्व ३४३ च्या सुमारास मॅसिडोनच्या फिलिप राजानं मुलासाठी ॲरिस्टॉटलला बोलावलं, मिएझा इथं शाळा दिली, आणि दक्षिणा म्हणून त्याचं स्वतःच उद्ध्वस्त केलेलं जन्मगाव स्टॅगिरा पुन्हा वसवून दिलं, असं प्लुटार्क सांगतो. म्हणजे फी ठाऊक, जागा ठाऊक. पण तिथं रोज काय शिकवलं, पोरानं काय विचारलं, याची कुणा विद्यार्थ्यानं केलेली नोंद आपल्या हाती नाही, आणि प्लुटार्क स्वतः चारेक शतकांनंतरचा. तिथं कादंबरीकाराला रान मोकळं. आता दुसरी जोडी स्वामी आणि भटोबास. इथं खोली भरलेली आहे. कोण कुठं बसलं, कोण रुसलं, भिक्षेत काय मिळालं, सगळं आहे, आणि सांगणाऱ्यांत मतभेद असतील तर तेही पोथ्यांत नोंदलेले आहेत. इथं कादंबरीकाराचं काम रचायचं कमी आणि निवडायचं जास्त. त्यानं काय वगळलं हे मुलांना शोधायला लावा. दोन तासिकांत इतिहासाचं साधन म्हणजे काय ते त्यांना कळेल, धड्यातल्या त्या नावाच्या परिच्छेदानं कळत नाही.

फिरण्याची सोय असेल तर स्थानपोथी हाती घ्या. स्वामी कुठं कुठं राहिले, देऊळ कुठल्या दिशेला, दार कुणीकडं, असा तपशील देणारी ही पोथी आहे. कादंबरीतलं गाव आणि पोथीतलं गाव मुलांनी नकाशावर लावून पाहावं. विदर्भातच केवढं आहे : मेहकरच्या बोणेबाई, भंडाऱ्याचे निळभट्ट भांडारेकार, लोणार, रामटेक, रिद्धपूर. सहलीला दरवर्षी त्याच बागेत आणि त्याच धरणावर न्यायचं असा काही नियम नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र खरी काळजीची, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे : मुलं हेमाद्रीला सिनेमातल्या खलनायकासारखं रंगवतात. त्यात मुलांची चूक नाही. साधा, प्रेमळ गुरू उभा केला की लेखकाला समोर एक काळा माणूस लागतोच, आणि यादवांचा हा प्रधान हाताशी असतो. तो कर्मठ व्यवस्थेचा माणूस होता हे खरं. व्रतांचा, दानांचा, श्राद्धांचा अवाढव्य चतुर्वर्गचिंतामणी त्याच्या नावावर आहे. पण महादेव आणि रामदेवराय अशा दोन राजांच्या पदरी कारभार पाहणारा माणूस नुसता मिशा पिळत बसला नसेल. वर्गातल्या सगळ्यात बोलक्या पोराला हेमाद्रीची बाजू मांडायला द्या आणि दुसऱ्याला महादाइसा करून त्याच्यासमोर बसवा. प्रश्न तिनं विचारायचे, उत्तरं त्यानं द्यायची, पुराव्याशिवाय बोललं की खाली बसायचं. ती चर्चा झाली की मुलांचे कागद मला पाठवा, त्यातला एखादा या पानावर छापू.